समेवर पडणारे मांजर

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात वडील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेहून आमच्याकडे पुण्याला आले. दोन्ही डोळ्यांचे काम तीन आठवड्यांच्या अंतराने व्हायचे होते आणि नवा चष्मा त्यानंतर महिन्याभराने मिळणार होता, त्यामुळे पावसाळ्याचा बराचसा काळ ते आमच्याकडेच राहणार हे ठरलेले होते. त्याच सुमारास मी एक काम हाती घेतले होते. लहानपणी पाहिलेले ‘टॉम अँड जेरी’चे जुने लघुपट त्यांच्या प्रदर्शनाच्या क्रमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पाहायचे असे मी मनाशी ठरवले होते. ही दोन्ही कामे एकाच दिवाणखान्यात शेजारी शेजारी सुरू झाली, आणि त्या योगायोगामुळे मला जे कळले ते एकटीने बसून पाहिले असते तर कधीच कळले नसते.

निमित्त माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे झाले. त्याने मोबाईलवर एक मिनिटाचा तुकडा पाहिला, ज्यात झगमगत्या रंगमंचावर टॉम पियानो वाजवत होता. तो मनापासून हसला आणि बोट वर सरकवून पुढच्या चित्रफितीकडे गेला. मला तो तुकडा ओळखीचा वाटला, परंतु त्याच्या आधी काय घडते आणि नंतर काय घडते हे काही केल्या आठवेना. जी गोष्ट आपल्या बालपणाचा मोठा भाग होती असे मी पंचवीस वर्षे सांगत आले, तिचा एकही भाग मला सलग आठवत नाही, हे जाणवून मी अस्वस्थ झाले.

म्हणून मी प्रथम एक वही घेतली आणि काहीही न पाहता, केवळ स्मरणावर विसंबून, जेवढी दृश्ये आठवतात तेवढी लिहून काढली. ती तेवीस भरली. त्यांत ‘टॉम जिना चढताना वरून पियानो घसरत येतो’, ‘जेरी मोठ्या शहरात एकटाच फिरतो’, ‘जेरी बाहेर पावसात कुडकुडतो आणि टॉमला त्याची दया येते’, ‘एक लठ्ठ माणूस रागाने लाल होतो आणि सगळीकडे पोकळ आवाज येतो, भीती वाटते’ अशा नोंदी होत्या. प्रत्येक लघुपट पाहून झाल्यावर वही उघडायची आणि यांपैकी कोणते दृश्य सापडले, ते मला जसे आठवत होते तसेच आहे का, हे समोरच्या रकान्यात लिहायचे, असा नियम मी घालून घेतला.

आमच्या मिरजेच्या घरात केबल नव्हती. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात दिसू लागली, त्यानंतर वर्षभरात आमच्या वाड्याच्या मालकांकडे केबलची तार आली, आणि वाड्यातली आम्ही सात-आठ मुले शाळा सुटली की त्यांच्या माजघरात जाऊन बसू लागलो. रात्री त्याच वाहिनीवर व्यंगचित्रे थांबून जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत, तेव्हा उठून घरी जायचे असा शिरस्ता होता. आमच्यापैकी कोणालाही इंग्रजी येत नव्हते. मालकीणबाई तर शाळेतही गेल्या नव्हत्या, पण भाजी निवडता निवडता त्या आमच्याइतक्याच हसत असत. टॉम आणि जेरी बोलत नसत ही त्यामागची मोठी सोय होती, असे मी आजवर मानत आले होते. ते अर्धेच खरे होते, हे पुढे कळले.

लघुपट मिळवणे वाटले होते तितके सोपे नव्हते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम या अमेरिकन चित्रपटसंस्थेसाठी १९४० ते १९५८ या काळात या जोडीचे ११४ लघुपट केले. मला तेच पाहायचे होते, नंतर दूरचित्रवाणीसाठी झालेल्या मालिका नव्हे. अमेरिकेत राहणाऱ्या एका मैत्रिणीने तिथला डीव्हीडींचा संच आणून दिला. तिथल्या तबकड्या आपल्याकडच्या साध्या यंत्रावर लागत नाहीत, म्हणून सर्व विभागांच्या तबकड्या वाचणारे जुने यंत्र शोधावे लागले. शिवाय संचातला क्रम काळाप्रमाणे नव्हता. मी प्रदर्शनाच्या तारखांची यादी करून कोणता लघुपट कोणत्या तबकडीवर आहे ते तिच्यासमोर लिहिले, आणि रोज रात्री जेवणानंतर दोन लघुपट, असे वेळापत्रक आखले.

पहिल्याच रात्री धक्का बसला. १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पस गेट्स द बूट’ या पहिल्या लघुपटात टॉमचे नाव टॉम नाहीच, जॅस्पर आहे, आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. टॉम आणि जेरी ही नावे नंतर स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांकडून सुचवण्या मागवून ठरवली गेली. हा जॅस्पर खऱ्या मांजरासारखा चार पायांवर चालतो, त्याच्या अंगावर केसांचे झुबके आहेत आणि भुवयांवर, गालांवर इतक्या रेषा आहेत की तो काढणाऱ्यांचे हात दुखले असतील. पुढच्या पाच-सहा वर्षांत एकेक रेष गळत जाते, टॉम दोन पायांवर उभा राहतो, त्याचे अंग गुळगुळीत होते, आणि जितके केस कमी होतात तितका चेहरा अधिक बोलू लागतो. क्रमाने पाहिल्यामुळे हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसला. लहानपणी कोणताही लघुपट कोणत्याही दिवशी लागत असे, आणि टॉम कधी केसाळ तर कधी गुळगुळीत का दिसतो हा प्रश्न आम्हा मुलांपैकी कोणाला पडला नव्हता.

वडिलांची पहिली शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका असे सांगितले होते, आणि चष्म्याशिवाय दूरदर्शनसंचावरचे चित्र त्यांना तसेही पुसटच दिसले असते. ते काळा गॉगल लावून, डोळे मिटून दिवाणावर पडून राहत. बाबा बँकेत नोकरीला होते, परंतु चाळीस वर्षे भजनी मंडळात त्यांनी तबला वाजवला आहे आणि मिरजेत राहणाऱ्या माणसाला वाद्यांच्या आवाजाची जी सवय असते ती त्यांना आहे. लहानपणी आम्ही हे लघुपट पाहत असू, तेव्हा ते कामावर किंवा भजनाला गेलेले असत. त्यांनी त्यांतला एकही धड पाहिलेला नव्हता, आणि आता ते फक्त ऐकत होते.

चौथ्या की पाचव्या रात्री मी यंत्र बंद करत असताना ते म्हणाले, “अगं, हे कोण वाजवतंय? हा माणूस दर वेळी समेवर येतो.”

मी म्हटले, “बाबा, ते मांजर जिन्यावरून पडलं, त्याचा आवाज आहे तो.”

“पडू दे ना. पण समेवर पडलं.” सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, हे तेवढे मलाही ठाऊक होते.

त्या रात्री मी त्या वाजवणाऱ्याचा शोध घेतला. स्कॉट ब्रॅडली हे त्या संगीतकाराचे नाव, आणि ११४ पैकी एक सोडून बाकी सर्व लघुपटांचे संगीत त्यांचेच आहे. या लघुपटांच्या निर्मितीत बार्बेरा गोष्ट रचत आणि कच्ची चित्रे काढत, तर हॅना प्रत्येक हालचालीला किती वेळ द्यायचा ते ठरवत. हा वेळ ते संगीताच्या ठोक्यांतच मोजत असत. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. बारा चित्रांना एक ठोका धरला तर मिनिटाला १२० ठोके होतात, आठ चित्रांना एक धरला तर १८०. टॉमने किती ठोके दबकत चालायचे, कितव्या ठोक्याला मागे वळून पाहायचे आणि कितव्याला दाराला आदळायचे, हे सगळे आधी कागदावर मांडलेले असे. संगीतकार त्या मांडणीवरून स्वरलेखन करत, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याच गतीची टकटक ऐकत एमजीएमच्या वाद्यवृंदातले वादक वाजवत. मी हे सकाळी चहाच्या वेळी वाचून दाखवले, तेव्हा बाबा लगेच म्हणाले, “म्हणजे बारा चित्रांची मध्य लय आणि आठ चित्रांची द्रुत. बरोबर आहे, रात्री तो एकदम द्रुतमध्ये गेला होता.”

तिथून आमच्या पाहण्याची पद्धत बदलली. रोजच्या दोन लघुपटांपैकी एक आम्ही तीनदा पाहू लागलो. प्रथम नेहमीसारखा, मग आवाज पूर्ण बंद करून, आणि शेवटी पडदा झाकून केवळ आवाज. मुलाला सुरुवातीला हा खेळ वाटला, पण आवाज बंद केल्यावर पहिल्याच वेळी तो म्हणाला की आता टॉमला खरेच लागतंय असे वाटते. ते ऐकून मी त्याच्याकडे पाहतच राहिले. तोच घण, तेच डोके, तोच उंचवटा, पण आवाज नसताना ती मारहाण होती आणि आवाजासकट तो नाच होता. मालकीणबाईंच्या माजघरात आम्ही मुले ज्याला हसत होतो ती मारहाण नव्हतीच, याची खात्री मला त्या रात्री झाली.

पडदा झाकून ऐकताना बाबा दिवाणाच्या लाकडी कडेवर बोटांनी मात्रा मोजत. त्यांच्यामुळे मला दोन गोष्टी ऐकू येऊ लागल्या. एक म्हणजे तिहाई. टॉम एखादी युक्ती करतो, ती फसते. पुन्हा करतो, पुन्हा फसते. तिसऱ्यांदा करतो आणि तिसरी फसगत नेमकी सर्वांत मोठ्या आवाजावर येऊन थांबते. तबलजी एकच बोल तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणतो, तसेच हे घडते, आणि तिसऱ्या वेळी काय होणार हे आधीच ठाऊक असूनही ऐकणारा त्या क्षणाची वाट पाहतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. टॉम धावता धावता कड्याच्या पुढे जातो, हवेत उभा राहतो, खाली पाहतो, मग आपल्याकडे पाहतो, आणि त्यानंतर पडतो. बाबांनी हे पाहिलेले नव्हते, तरी ते म्हणाले की इथे याने सम मोकळी सोडली आणि नंतर येऊन पडला, याला आमच्याकडे अतीत म्हणतात. मी ते दृश्य एकेक चित्र सरकवत तपासले. टॉम ज्या क्षणी आपल्याकडे पाहतो, त्या क्षणी वाद्यवृंद गप्प असतो. इतकी वर्षे मी त्या शांततेला हसत आले होते, आणि ती कोणीतरी मोजून ठेवलेली आहे हे मला माहीत नव्हते.

या सगळ्याचा कळस अर्थातच ‘द कॅट कॉन्चर्टो’ हा १९४७ साली प्रदर्शित झालेला लघुपट, ज्याच्या एका मिनिटाच्या तुकड्यापासून हे सर्व सुरू झाले होते. टॉम काळा डगला घालून रंगमंचावर येतो, बैठक नीट करतो, रुमालाने बोटे पुसतो आणि फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही पियानोरचना वाजवू लागतो. पियानोच्या आत जेरी झोपलेला असतो आणि तारांवर पडणाऱ्या हातोड्यांनी तो उसळून जागा होतो. आम्ही हा लघुपट आठवडाभर पाहिला. आवाज बंद करून एकेक चित्र सरकवले असता दिसते की खालच्या स्वरांना टॉमचा हात डावीकडे जातो, वरच्या स्वरांना उजवीकडे, आणि जलद जागी बोटे एकमेकांवरून कशी ओलांडून जातात हेही काढलेले आहे. जेरी पट्ट्यांच्या मध्ये उंदराचा सापळा ठेवतो, आणि टॉमचे बोट त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अचूक पडत राहते, आता अडकेल, मग अडकेल असे वाटत असताना अडकत नाही. ते शेवटी अडकते तेव्हाही संगीत थांबत नाही. एकदा तर टॉम हातांनी जेरीला पकडतो आणि पायांनी वादन चालू ठेवतो. मैफल मोडायची नाही ही त्याची जिद्द मला आता, वयाच्या चाळिशीत, हास्यापेक्षा अधिक आदराची वाटली. मंडळात वीज गेली, माणसे उठून गेली, तरी अभंग पुरा करणारे माझे वडील समोरच बसले होते.

सात मिनिटांच्या लघुपटात दहा हजारांहून अधिक चित्रे सरकतात, हा हिशेब मी मुलाला वहीत करून दाखवला. चारशेवीस सेकंद गुणिले चोवीस. त्यानंतर तो एखादा लघुपट चालू असताना मध्येच उठून गेला नाही.

वहीतला समोरचा रकाना हळूहळू भरत होता. ‘जेरी मोठ्या शहरात एकटाच फिरतो’ हे दृश्य १९४५ च्या ‘माऊस इन मॅनहॅटन’मध्ये सापडले आणि ते माझ्या आठवणीपेक्षा कितीतरी सुंदर निघाले. टॉम त्यात जवळजवळ नाहीच. बोचके खांद्यावर टाकून जेरी खेड्यातून न्यूयॉर्कला जातो, उंच इमारतींच्या पायथ्याशी मान वर करून उभा राहतो, जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या बाहुल्यांबरोबर नाचतो, आणि मग एकामागून एक संकटांतून पळत घरी येतो. निरोपाची चिठ्ठी तो फाडून टाकतो. मिरजेत दहा वर्षांची असताना मला तो पळ तेवढा आठवला होता. मान वर करून पाहणारा जेरी मात्र मी पहिल्यांदा पुण्याला वसतिगृहात आले तेव्हाचा होता, आणि तो मला तेव्हा दिसणे शक्यच नव्हते.

‘जेरी बाहेर पावसात कुडकुडतो’ या नोंदीचा उलगडा मात्र बराच वेळ होत नव्हता. पावसाचे तसे दृश्य कुठेच येईना. अखेर मागे जाऊन पाहिलेल्या लघुपटांची यादी तपासली, तेव्हा लक्षात आले की ते दृश्य आम्ही दुसऱ्याच रात्री पाहिले होते आणि मी ओळखले नव्हते. १९४१ च्या ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’मध्ये टॉम जेरीला घराबाहेर काढून दार अडवून बसतो, पण बाहेर हिमवर्षाव चालू असतो. मग त्याचे मन त्याला खाते, तो बाहेर धावतो, गोठलेल्या जेरीला उचलून आणतो आणि शेकोटीजवळ ठेवतो. मी बर्फ कधीही पाहिलेला नव्हता. माजघराच्या पत्र्यावर आषाढाचा पाऊस वाजत असताना एखाद्या जिवाला घराबाहेर काढणे म्हणजे पावसात काढणे, हेच मला ठाऊक होते, आणि मनाने त्या पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस करून टाकला होता. मी रकान्यात ‘बर्फ’ असे लिहिले, पण ‘पाऊस’ खोडला नाही.

सर्वच गोष्टी अशा गोड निघाल्या नाहीत. टॉम आणि जेरीच्या घरात एक गृहसेविका आहे, जिचा चेहरा सहसा दिसत नाही, फक्त पाय, सपाता आणि झाडू दिसतो. आम्हा मुलांना ती परकी कधी वाटली नाही. तिच्या पायांचा रंग आमच्या घरातल्या बायकांच्या पायांसारखाच होता आणि मांजराच्या मागे झाडू घेऊन धावणारी बाई तर प्रत्येक वाड्यात होती. आता वाचताना कळले की ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मोलकरणींचे एक साचेबंद, उपहासाचे चित्र होती. लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीने तिला आवाज दिला होता, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने त्या चित्रणावर आक्षेप घेतले होते, आणि १९५२ नंतर हे पात्र दिसेनासे झाले. स्फोटानंतर टॉमचा किंवा जेरीचा चेहरा काळा होतो आणि ओठ मोठे होतात, ते मी काजळी समजत होते. ती काजळी नव्हती. ती एका समाजाची थट्टा होती आणि त्या काळच्या प्रेक्षकांना ती बरोबर कळत होती. माझ्या संचात दोन लघुपट याच कारणाने वगळलेले होते, त्यामुळे ११४ ऐवजी ११२ च पाहता आले; आणि संचातच अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचे एक निवेदन होते, ज्यात ही चित्रे चुकीची होती, तरीही ती लपवणे योग्य नाही, अशा आशयाचे त्या बोलतात. मी ते निवेदन थांबवून थांबवून मुलाला समजावून सांगितले. त्याने विचारले की मग आपण हसायचे की नाही. मी त्याला सांगितले की जिथे मांजर पडते तिथे हसायचे, जिथे माणसाच्या रंगावर हसायला सांगितले आहे तिथे हसायचे नाही. त्यानंतर अशी जागा आली की तो माझ्याकडे वळून पाहत असे.

‘टॉम जिना चढताना वरून पियानो घसरत येतो’ हे दृश्य १९४९ च्या ‘हेवनली पस’चे. टॉम त्या पियानोखाली मरतो आणि स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो, जिथे आत जाण्याआधी जेरीकडून क्षमापत्रावर सही आणायची अट त्याला घातली जाते. माझ्या आठवणीत पियानो होता आणि खाली उकळत्या कढईशी वाट पाहणारा कुत्रा होता. परंतु टॉम रांगेत उभा असताना त्याच्या आधी एक ओले पोते येते, त्यातून तीन पिल्ले बाहेर पडून आत जातात, आणि दारावरचा अधिकारी मान हलवत लोक काय काय करतात म्हणून हळहळतो, हे माझ्या लक्षातच नव्हते. कोणीतरी पोत्यात घालून पाण्यात सोडलेली पिल्ले. काही सेकंदांचे दृश्य आहे ते. मिरजेत कृष्णेच्या काठाशी पिल्ले सोडून येणारी माणसे होती, हे आम्हा मुलांना माहीत होते, तरीही ते दृश्य माझ्या मनाने साठवले नाही, किंवा साठवून झाकून ठेवले. त्या रात्री आम्ही दुसरा लघुपट लावला नाही.

१९५० नंतरचे लघुपट मी भराभर पाहिले. मधल्या काळात पडदा रुंद झाला, पार्श्वभूमीची चित्रे साधी आणि सपाट झाली, तपशील विरळ झाले. त्यांतले काही चांगले आहेत, पण जुन्या घरांतल्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर पडणाऱ्या सावल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला ती घरे रिकामी वाटतात. अपवाद १९५३ च्या ‘योहान माऊस’चा. व्हिएन्नामध्ये योहान स्ट्राउस या संगीतकाराच्या घरात राहणारा उंदीर वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांचे नृत्यसंगीत, ऐकला की स्वतःला न आवरता नाचू लागतो, आणि त्याला बिळाबाहेर काढण्यासाठी मांजर पियानो शिकते. याकोब गिंपेल या पियानोवादकाने ते वादन केले आहे. बाबांनी हा ऐकताच बोटांनी ‘धा धीं ना, धा तीं ना’ धरला आणि तो सहा मात्रांचा दादरा शेवटपर्यंत सोडला नाही. सातपैकी शेवटचे ऑस्कर या जोडीला याच लघुपटासाठी मिळाले.

ऑगस्टच्या मध्याला ११२ पुरे झाले, तरी वहीतली एक नोंद उरली होती. लठ्ठ माणूस, पोकळ आवाज, भीती. ती यांपैकी कशातही नव्हती. शोधताना कळले की एमजीएमने आपला व्यंगचित्र विभाग १९५७ साली बंद केला होता, आणि पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांच्याकडून तेरा नवे लघुपट करून घेतले. डाइच अमेरिकन, पण ते हे काम चेकोस्लोव्हाकियातल्या प्राग शहरात करत होते, तुटपुंज्या पैशांत, आणि तिथल्या चित्रकारांना या जोडीची फारशी ओळख नव्हती. ते लघुपट मिळवले आणि पहिल्या दहा सेकंदांतच माझ्या अंगावर काटा आला. हाच तो आवाज. विहिरीत बोलल्यासारखे घुमणारे ठोके, अचानक येणारी शांतता, धक्के खात हलणारे हातपाय, आणि रागाने लाल होऊन टॉमला बदडणारा तो लठ्ठ मालक. दहा वर्षांची मी घाबरले होते ते उगाच नव्हते. पडदा झाकून आम्ही तो लघुपट ऐकला तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “यात ठोके आहेत, ठेका नाही.” परक्या देशातल्या परक्या पात्रांवर, अपुऱ्या साधनांनी काम करणाऱ्या त्या चित्रकारांविषयी मला आपुलकी वाटते, आणि त्या तेरांमध्ये एक विलक्षण, स्वप्नातल्यासारखे काहीतरी आहे हेही मी मानते. पण मालकीणबाई त्यांना हसल्या नसत्या.

बाबांचा नवा चष्मा गणपतीच्या आधी मिळाला. मिरजेला परत जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते खुर्ची दूरदर्शनसंचाच्या अगदी जवळ ओढून बसले आणि मुलाला म्हणाले, “तो पियानोवाला लाव. आता बघतो.” मुलाने ‘द कॅट कॉन्चर्टो’ लावला. टॉम पडद्यामागून आला, प्रकाशाच्या वर्तुळात चालत पियानोपाशी पोहोचला आणि त्याने रुमालाने बोटे पुसली. बाबा पुढे वाकून पाहत होते. अडीच महिने त्यांनी हे मांजर केवळ कानांनी ओळखले होते.

“हा इतका बारीक आहे?” ते म्हणाले. “वाजवतो तर भरदार.”

मग टॉमने पहिला स्वर लावला, आणि बाबांचा हात आपोआप खुर्चीच्या हातावर गेला.